तीन अब्जांच्या पलीकडची एक संख्या

डहाणू

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

३८१६५४७२९० ही संख्या तू संगणकाने शोधून काढलीस, हे वाचून आनंद झाला. परंतु तिच्यासाठी संगणक लागतच नाही, हे तुला दाखवल्यावाचून मला राहवत नाही. संख्यांशी खेळणारे गणिती द. रा. कापरेकर यांच्या जन्मगावी राहणाऱ्याला कागद-पेन्सिलीचा एवढा अभिमान असावाच. पावसाने वीज गेली होती, आणि कंदिलापाशी बसून ती मला पायरीपायरीने सापडली.

शून्यापासून नऊपर्यंतचे दहाही अंक तीत एकेकदाच येतात आणि डावीकडून पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने, तीन अंकांच्या संख्येला ३ ने, असे करत पूर्ण संख्येला १० ने निःशेष भाग जातो. म्हणून दहावा अंक ०, पाचवा ५ आणि सम स्थानी सम अंक हे ठरूनच जाते. तिसरा अंक विषम असल्याने ४ ची कसोटी चौथ्या स्थानी २ किंवा ६ च येऊ देते. सहावा सम असल्याने ८ ची कसोटी आठव्या स्थानालाही तेच बंधन घालते. मग दुसऱ्या व सहाव्या स्थानांसाठी ४ आणि ८ उरतात. आता पहिल्या तीन आणि पहिल्या सहा अशा दोन्ही संख्यांना ३ ने भाग जायचा असल्यामुळे मधल्या तीन अंकांची बेरीजही ३ च्या पटीत हवी, म्हणजे ते २५८ किंवा ६५४ असणार. पहिल्या तीन अंकांना आणि आठव्या स्थानाला हेच नियम लावले की छत्तीस लाखांहून अधिक मांडण्यांतून फक्त दहा उरतात. नऊची कसोटी आपोआप पुरी होते, कारण अंकांची बेरीज ४५ आहे.

राहतो ७. त्याच्यासाठी अशी सोपी युक्ती नाही, दहाही भागाकार करावेच लागतात, आणि त्यांपैकी केवळ ३८१६५४७ ची बाकी शून्य येते: सात गुणिले ५४५२२१. मला सर्वांत आवडलेला भाग हाच. गंमत म्हणजे पूर्ण संख्येला मात्र ४, ७ किंवा ८ ने भाग जात नाही.

अंकांची पुनरुक्ती चालवली, तर अशा दहा अंकी संख्या २४९२ होतात. दहाव्या अंकापर्यंत वाट अडत नाही, कारण पुढे एक अंक जोडताना लागोपाठच्या दहा संख्या मिळतात आणि त्यांत १० किंवा त्याहून लहान भाजकाची पट असतेच. त्यानंतर भाजक मोठा होत जातो आणि संख्या कधी ना कधी खुंटते. सर्वांत लांब संख्या पंचवीस अंकी आहे: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. हिच्यापुढे शून्य लिहून २६ ने भागलेस, तर बाकी १२ उरते. ती भरायला शून्याच्या जागी १४ लागतील, आणि एका स्थानी ९ च्या वर अंक नाही.

तुझा,
मनोहर