काकी, तुमचे आभार सगळ्यांसमोर मानायचेत

काकी, सलाम.

हे सगळं तुम्हाला एकटीला व्हॉट्सअ‍ॅपवर पण पाठवता आलं असतं, पण मुद्दाम उघड लिहितेय. कारण आजकाल आपल्याच ख्रिस्ती घराघरातून ऐकू येतं की विश्वास माझा आणि देवाचा, त्यात मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, कशाला हवी, मोबाईलवर एकाहून एक चांगले संदेश मिळतात की. असं कोणी म्हणालं की मला तुम्हीच आठवता आणि वाटतं यांना काकींबद्दल कोणीतरी सांगायला पाहिजे. तुम्ही आता नाशिकला मुलीकडे असता, वाचून रागवाल हे माहितीये, तरी लिहिणारच.

आम्ही नगरकडून पुण्याला आलो तेव्हा इथं ओळखीचं कोणी नव्हतं. रविवारी उपासनेला जायचं, मागच्या बाकावर बसायचं, आशीर्वाद झाला की घरी. गावाकडं आपली जुनी माणसं अजून पहिला प्रश्न तोच विचारतात, तुम्ही अमेरिकन मिशनचे की इंग्लंडच्या एसपीजी मिशनचे, 1970 ला नागपूरला वेगवेगळ्या चर्चांची मिळून एकच सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) होऊन एवढी वर्षं झाली तरी. तुम्ही यातलं काहीच विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत घर कुठे, दोघंही कामाला जाता का, आणि शुक्रवारची कॉटेज मीटिंग, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, तुमच्याकडे ठेवली तर चालेल का. आमची एक खोली नि किचन, मी म्हटलं काकी माणसं मावणार नाहीत, तर तुम्ही म्हणालात "अगं जिन्यात बसू." आणि खरंच जिन्यात बसले लोक! टाळ, ढोलकी, आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं, आणि समोरच्या वहिनी काय चाललंय बघायला आल्या त्या पण बसल्या.

मग ह्यांच्या किडनीचं निघालं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास मशीनवर, शिवाय जाणं-येणं, वाट बघणं. ज्याच्या घरी हे आहे त्यालाच कळेल की त्यात नुसता पैसा जात नाही, आख्खं घर जातं त्यात. माझी नोकरी त्या दिवसांत टिकली ती निव्वळ मंडळीमुळे. तुम्ही महिला मंडळाच्या वहीत वार लावून टाकले, मंगळवारी कोण बसणार, गुरुवारी कोण, शनिवारी तरुण संघातली मुलं, आणि ती मुलं नुसती बसायची नाहीत, ह्यांच्याशी क्रिकेटवर भांडायची. ह्यांना तेच हवं होतं, सगळे कसं वाटतंय कसं वाटतंय विचारतात त्याचा माणसाला कंटाळा येतो.

डब्याचं तर मी कधीच विसरणार नाही. सुरुवातीला लोक प्रेमानं शहाळी घेऊन यायचे, केळी आणायचे. तुम्ही डायलिसिसच्या सिस्टरला गाठून सगळं विचारून घेतलंत, पोटॅशियम काय, फॉस्फरस काय, आणि पुढच्याच रविवारी उपासनेनंतर बायकांना उभं करून सांगितलंत, शहाळं बंद, टोमॅटो बंद, बटाटा बंद, भाजी चिरून उकळून ते पाणी फेकायचं आणि मग फोडणी द्यायची, मीठ अगदी नावाला. नाताळच्या फराळात सुद्धा ह्यांच्यासाठी शेव वेगळी, बिनमिठाची, कोणी केली मला आजपर्यंत कळलं नाही. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं हे तरी आम्हाला कुठे माहीत होतं, ते तुम्ही चर्चमधल्या एका ब्रदरना आमच्यासोबत रेशन कार्ड, आधार घेऊन पाठवलंत म्हणून झालं. प्रभुभोजनाच्या रविवारी आपल्याकडे जी वेगळी ताटली फिरते तिच्यातून इंजेक्शनांचे पैसे आले, कोणी दिले किती दिले हे आम्हाला कधी कळू दिलं नाही.

पण मला खरं जे सांगायचंय ते यापुढचं आहे. मध्ये एक काळ असा आला की मला प्रार्थनाच करता येईना. शब्दच सुचायचे नाहीत, बायबल उघडलं की मिटावंसं वाटायचं. मी तुम्हाला हे सांगितलं तर मला वाटलं तुम्ही आता विश्वासावर काहीतरी समजावून सांगाल. तुम्ही म्हणालात, "तू नको करू. आम्ही करतोय ना, तू नुसती येऊन बस." आणि त्या शुक्रवारी बायबलमधल्या मार्कचा 2 रा अध्याय वाचायला लावलात, चौघांनी पक्षाघात झालेल्याला उचलून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उसकटून बाज खाली सोडली. लहानपणी संडे स्कूलमध्ये ती गोष्ट आम्ही नाटक करून दाखवायचो पण एक वाक्य कधी नीट ऐकलंच नव्हतं, येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा! बाजेवरच्या माणसाने तोंडातून एक शब्द काढल्याचं तिथं लिहिलेलं नाही. काकी, मी कित्येक महिने त्या बाजेवर होते आणि तुम्ही लोकांनी चारही कोपरे सोडले नाहीत. मोबाईलवरचा संदेश कितीही चांगला असू दे, बाज उचलायला माणसंच लागतात.

2020 ला लॉकडाऊन लागला, चर्चला कुलूप, त्या वर्षी गुड फ्रायडे, ईस्टर सगळं घरातच. डायलिसिस मात्र थांबवता येत नाही. गाडीचा पास काढून ने-आण करणारा मुलगा तुम्हीच शोधलात. आणि रोज संध्याकाळी तुमचा कॉन्फरन्स कॉल, एक स्तोत्र, मग कोणाकडे काय कमी आहे त्याची चौकशी, मग प्रार्थना. ज्या म्हाताऱ्यांना फोन जोडता यायचा नाही त्यांना तुम्ही स्वतः आधी लावायचात. 16 नोव्हेंबरपासून प्रार्थनास्थळं उघडली तेव्हा आपली मंडळी मास्क लावून लांब लांब बसली होती, पण कोणीही कोणाला नवखं वाटत नव्हतं.

तुम्ही एकदा सांगितलं होतंत की टिळकांनी शेवटच्या काळात, 1917 ला साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाची संगत सुरू केली, त्यात बाप्तिस्मा झालेले न झालेले, येशूमागे चालू पाहणारे सगळे भाऊबहीण म्हणून यायचे. तेव्हा समोरच्या वहिनींनी विचारलं होतं की मी आले तर चालतं ना, म्हणून तुम्ही ते सांगितलंत. त्या वहिनी अजून येतात. त्यांना भजनं आपल्या तरुण पोरांपेक्षा जास्त पाठ आहेत.

ह्यांचं डायलिसिस चालूच आहे, तब्येत बरी आहे, भांडतात म्हणजे बरीच आहे. तुमची वारांची वही आता माझ्याकडे आलीये. मागच्या बाकावर सध्या दोन नर्सिंगच्या मुली बसतात, विदर्भातून आल्यात, उपासना संपली की गडबडीत निघून जायच्या, त्यांना परवा फाटकात गाठलं आणि विचारलं कुठे राहता. या शुक्रवारची मीटिंग त्यांच्या रूमवर आहे. त्या म्हणाल्या जागा नाही हो, मी म्हटलं जिना आहे ना.

तुम्ही डिसेंबरमध्ये कॅरोल राऊंडला, घरोघरी नाताळची गाणी म्हणायला, या, सगळे विचारतात. गुडघ्याचं काय झालं ते पण कळवा, पुढच्या शुक्रवारी प्रार्थनेत घ्यायचंय.

तुमची,
जिन्यातल्या मीटिंगवाली