लिनक्समधील बिघाड नोंदवावेत

महोदय,

आपल्या सोलापुरातील काही महाविद्यालयांत आणि यंत्रमाग कारखान्यांच्या कार्यालयांत लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणारे संगणक वापरले जातात; मात्र एखादे पॅकेज (म्हणजे प्रणालीत बसवलेला एखादा प्रोग्राम किंवा त्याचा भाग) बिघडले की सगळी प्रणाली पुसून नव्याने बसवण्याचा प्रघात आहे, आणि त्यामुळे बिघाडाचा पुरावाच नष्ट होतो, ही मला खेदाची बाब वाटते.

लिनक्सवर आधारलेली प्रणाली तयार करणाऱ्या, १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात प्रत्येक पॅकेजच्या तक्रारी सर्वांना वाचता येतील अशा नोंदवल्या जातात. त्यासाठी ‘रिपोर्टबग’ हा प्रोग्राम आहे. तो पॅकेजची आवृत्ती आणि ते ज्या पॅकेजांवर अवलंबून आहे त्यांच्या आवृत्त्या आपोआप अहवालात जोडतो. त्याआधी पॅकेजे बसवणाऱ्या ‘ॲप्ट’ या प्रोग्रामची नोंदवही अवश्य पाहावी, कारण कोणते पॅकेज कोणत्या तारखेला अद्ययावत झाले हे तिथे मिळते आणि बिघाडाची सुरुवात त्याच्याशी ताडून पाहता येते. नवे वापरकर्ता खाते उघडूनही तोच बिघाड दिसला, तर दोष आपल्या वैयक्तिक सेटिंगमध्ये असण्याची शक्यता कमी होते. अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो, पण काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले एवढे साध्या वाक्यांत सांगितले तरी पुरते. तो जाहीर होत असल्याने ग्राहकांची नावे व पासवर्ड आधी काढून टाकावेत.

‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ्य, ऱ्ह एखाद्या फॉन्टमध्ये तुटक दिसला, तर ती तक्रार मराठी वाचणाऱ्यानेच करायला हवी. शहरातील संगणक विभागांनी प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांकडून असा एक तरी खरा अहवाल लिहून घ्यावा, ही विनंती.

— एक संगणक शिक्षक, सोलापूर