लाफाएत केंद्राच्या अभ्यासात साथ देणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

बोर्दोजवळच्या लाफाएत बिनतारी केंद्रावरचा माझा लेख अखेर पूर्ण झाला. आपले नाव कुठेही येऊ नये अशी आपली अट आहे आणि ती मी पाळतो आहे. परंतु आभार चारचौघांत मानल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

दौंडला राहणाऱ्या माणसाला फ्रान्समधल्या एका नामशेष केंद्राशी काय देणेघेणे, असे आपण पहिल्याच फोनवर हसत विचारले होते. खडकीहून प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण अशी जोडी उभारून २३ जुलै १९२७ रोजी भारत आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींची, म्हणजे आखूड रेडिओलहरींची, बिनतारी सेवा सुरू झाली, हे आमच्या गावाला आज फारसे आठवत नाही. मला ती हकीकत लिहायची होती. मात्र लघुलहरी हाती येण्यापूर्वी समुद्रापार संदेश धाडण्यासाठी माणसांना काय काय उभारावे लागत होते, हे सांगितल्याशिवाय तिचे महत्त्व वाचकाला उमगले नसते, आणि त्यासाठी लाफाएतइतके भव्य उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

अमेरिकेची बाजू मला इंग्रजीतून मिळाली होती. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा जर्मन पाणबुड्या अटलांटिकच्या तळावरील तारा तोडतील आणि युरोपात उतरलेल्या सैन्याचा वॉशिंग्टनशी संपर्क तुटेल, ही धास्ती मोठी होती. म्हणून अमेरिकी नौदलाने फ्रान्सच्या भूमीवर स्वतःचे प्रचंड शक्तीचे केंद्र बांधायचे ठरवले आणि त्याच्या उभारणीची देखरेख जॉर्ज स्वीट या अधिकाऱ्याकडे दिली. हेच स्वीट १९०९ साली राइट बंधूंच्या विमानातून उडालेले अमेरिकी नौदलाचे पहिले अधिकारी. काम सुरू झाले १९१८ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युद्ध थांबले. ज्या कारणासाठी केंद्र हवे होते ते कारणच उरले नाही, तरी फ्रान्सने खर्चाचा भार उचलण्याची तयारी दाखवून अमेरिकनांकडूनच ते पुरे करून घेतले. ऑगस्ट १९२० मध्ये चाचणीचे संदेश गेले आणि डिसेंबरमध्ये केंद्र फ्रेंचांच्या स्वाधीन झाले.

इथवर मी पोहोचलो होतो. पण ते केंद्र नेमके तिथेच का, आणि तिथल्या लोकांनी त्याच्याकडे कसे पाहिले, हे सारे फ्रेंचमध्ये होते आणि मला त्या भाषेचे अक्षर येत नाही. आपण जुनी फ्रेंच वर्तमानपत्रे चाळून उतारेच्या उतारे मराठीत करून पाठवलेत. जुन्या बाजारातून त्या मनोऱ्यांची चित्रे असलेली पोस्टकार्डे मिळवून त्यांच्या पाठीवरचा बारीक मजकूरही उतरवून दिलात. तो बहुतेक हवापाण्याचा आणि ख्यालीखुशालीचा, म्हणून तो पाठवताना आपण संकोचला होतात. मला मात्र तोच मोलाचा वाटला, कारण आर्काशाँच्या किनाऱ्याकडे सहलीला जाणारी माणसे आगगाडीच्या खिडकीतून हे मनोरे पाहत आणि घरी कळवण्याजोगे काही पाहिले असे समजत, एवढे तरी त्यातून ठरते.

शिवाय आपण स्वतः त्याच रेल्वेमार्गाने, केंद्र जिथे होते त्या क्रुआ-दँस गावाला गेलात. तीन पायांचे, २५० मीटर उंचीचे आठ पोलादी मनोरे, चार-चारच्या दोन रांगांत, एकमेकांपासून ४०० मीटरवर, असे मी लिहून ठेवले होते. आयफेल मनोरा तेव्हा ३०० मीटरचा होता. त्याहून जेमतेम ५० मीटरने ठेंगणे असे आठ मनोरे एकाच माळावर उभे होते, हे वाक्यही तयार होते. परंतु आपण तिथल्या रस्त्याने चालत फोनवर वर्णन करू लागलात, ती सपाट जमीन, पाइनची झाडे आणि बोर्दो बंदराचे अंतर सांगितलेत, तेव्हा जागेची निवड मला कळली. अमेरिकनांचा माल ज्या धक्क्यांवर उतरत होता ते जवळ, रेल्वे दाराशी, आणि एक किलोमीटरहून लांब तारांचे जाळे ताणायला मोकळी जमीन.

आपण तंत्रज्ञ नाही असे वारंवार सांगत होतात, आणि तरी सर्वांत अवघड प्रश्न आपणच विचारलात: लहरी निर्माण करणारी ज्वाला सतत पेटती असेल तर मोर्स लिपीचे ठिपके आणि रेघा पाठवायच्या कशा? डेन्मार्कच्या वाल्डेमार पॉल्सन यांच्या पद्धतीत हायड्रोजनयुक्त वायूत, प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात विद्युतज्योत जळत ठेवून लहरी निर्माण करत, आणि ही ज्योत दर अक्षराला विझवणे-पेटवणे शक्य नव्हते. म्हणून कळ दाबली की लहरीची लांबी किंचित बदले. ऐकणारा दोहोंपैकी एकाच लांबीवर आपले यंत्र लावून बसे. लाफाएतला असे १००० किलोवॉटचे दोन संच होते आणि लहर होती सुमारे २३ किलोमीटर लांबीची. आपल्या त्या एका प्रश्नामुळे लेखातला हा भाग मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. हे संच बनवणाऱ्या फेडरल टेलिग्राफ कंपनीकडे पुढे असाच एक ८० टनी चुंबक विनावापर पडून राहिला, तो अमेरिकेतील बर्कली येथे भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉरेन्स यांना मिळाला आणि त्यांच्या २७ इंची सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे अणूंचे कण गोल फिरवून वेगवान करणाऱ्या यंत्रात, लागला. विषयांतर होत असूनही एवढे मी लेखात राहू दिले आहे.

खडकीचे केंद्र सुरू झाले तेव्हा लाफाएतचे मनोरे जेमतेम सात वर्षांचे होते. एका दिशेने झोत सोडणाऱ्या लघुलहरींना याच्या मानाने अगदी थोडी वीज पुरत होती, त्यामुळे महाकाय दीर्घलहरी केंद्रांचा व्यापारी उपयोग ओसरला. दीर्घ लहरींचा एक गुण मात्र लघुलहरींकडे नव्हता: त्या समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरतात. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर जर्मनांनी हे केंद्र ताब्यात घेतले आणि आपल्या पाणबुड्यांना संदेश पाठवण्यासाठी वापरले. ज्यांच्या भयाने ते बांधले त्यांच्याच कामी ते आले, हे आपण मला फ्रेंच उतारा वाचून दाखवताना मध्येच थांबून म्हणालात, आणि लेखाची मांडणी मी त्याच सूत्राभोवती केली आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी ते सुरुंगांनी उडवले.

लेखाची प्रत आणि पोस्टकार्डांच्या प्रतिमा आपल्या पत्त्यावर रवाना केल्या आहेत. त्या गावातल्या मंडळींसाठी लेखाचा फ्रेंच सारांश करून देण्याची तयारी आपण दाखवली होती. सवड होईल तेव्हा तो करावा, आणि माझी विधाने तिथल्या जाणकारांना पटतात का, तेही कळवावे. खडकी-दौंडचा पुढचा भाग त्यानंतरच हातावेगळा करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
दौंडचा एक बिनतारीप्रेमी