तात्यांची दुनळी

कोल्हापूर,
ललिता पंचमी

प्रिय बंडू,

स. न. वि. वि.

तात्यांच्या माघारी पोलीस ठाण्यात जमा असलेली दुनळी, म्हणजे त्यांची दोन नळ्यांची बंदूक, तुझ्या नावचा परवाना होऊन परत घरी आली, हे वाचून फार बरं वाटलं. आज त्र्यंबोलीची यात्रा. घरातली सगळी पालखीमागं टेकडीवर गेलीत, म्हणून निवांत लिहायला बसलोय. फोनवर हे सगळं सांगून झालं नसतं. आणि खंडेनवमीला तात्यांसारखा अंगणात एक बार काढणार, असं तू लिहिलंयस ना, खरं तर त्या एका ओळीपायी कागद पुढं ओढला.

तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आजऱ्याकडं मामाच्या घरी होतो. मामा सोप्यात बसून बंदूक पुसत होता. मी विचारलं, भरलेली आहे का? "रिकामी हाय रं," म्हणाला आणि दाखवायला चाप ओढला. बार उडाला. कौलांना परातीएवढं भोक पडलं, खापऱ्यांचा चुरा खाली भाताच्या कणगीवर सांडला. मामी माळ्यावरून नुकतीच उतरली होती, तिच्या हातात अजून सूप होतं. सूप धरून ती तशीच उभी राहिली, किती वेळ कुणास ठाऊक. माझ्या कानात संध्याकाळपर्यंत घणघणत होतं. मामानं उजवी नळी बघितली होती. डावी बघायची राहिली होती. त्या दिवसानंतर त्यानं बंदुकीला हात लावला नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की "रिकामी आहे" या कुणाच्याही शब्दावर जाऊ नकोस, अगदी स्वतःच्या कालच्या शब्दावरही नाही. बंदूक हातात घेतली की आधी नळीचं तोंड जमिनीकडं किंवा कुणी नाही अशा बाजूला, बोट चापाच्या कडीबाहेर, मग वरची कळ अंगठ्यानं उजवीकडं सारून नळ्या मोडायच्या. काडतूस बसायची दोन्ही घरं (चेंबर) डोळ्यांनी बघायची, उजेड कमी असेल तर करंगळी घालून चाचपायची. दुसऱ्याच्या हातात देताना मोडलेलीच द्यायची, आणि त्यानंही ती बघून घ्यायची. यात कुणाचा अपमान नाही. नेमबाजीच्या रेंजवर तर न वापरातल्या बंदुकीच्या चेंबरमध्ये भगव्या रंगाची दोरी घालून ठेवतात, लांबूनही रिकामी दिसावी म्हणून. तुझ्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेऊन आला; ती मंडळी रोज हजारदा हेच करतात.

खटक्यावरही, म्हणजे सेफ्टीच्या कळीवरही, विसंबू नकोस. पुष्कळ दुनळ्यांत तो फक्त चाप अडवतो, आतला घोडा ताणलेलाच असतो. बंदूक जोरात आपटली तर बार उडू शकतो. बांध ओलांडताना, गाडीत चढताना काडतुसं बाहेर, बास.

आता तू लिहिलेल्या डब्याबद्दल. नऊ काडतुसं, त्यातली "दोन पिवळी, जरा बारीक" हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला. पिवळा रंग बहुधा वीस बोअरच्या काडतुसाला देतात. तुझी बंदूक बारा बोअरची. बोअर म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घातलं की घरातून पुढं घसरतं आणि नळीत अडकून बसतं. मागून बघणाऱ्याला घर मोकळं दिसतं. तो म्हणतो घालायचं राहिलंच वाटतं, आणि मागं बाराचं घालून चाप ओढतो. नळी फुटते, आणि फुटते ती नेमकी डाव्या हाताच्या पंजापाशी. उरलेली सात तरी कुठं भरवशाची? इतक्या पावसाळ्यांत कागदी पुठ्ठा फुगतो, पितळी बुडावर हिरवं चढतं. ठाण्यात सांगून नऊच्या नऊ रीतसर जमा करून टाक. चुलीत नाही, विहिरीत नाही.

नवी घेशील तेव्हा आधी नळ्या काढून त्यांच्या बुडाखालचे छाप वाच. जुन्या बंदुकींची घरं अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असतात. ७० चं काडतूसही त्यात बसतं, कारण ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या पुठ्ठ्याची असते. बसलं म्हणून चालतं असं नाही. उघडायला जागा नसली की पुठ्ठा पुढं दाटतो आणि आतला दाब वाढतो. छाप पुसट झाले असतील तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून मोजून घे. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी. तसं निघालं तर आजचं काडतूस त्यात नकोच, बंदूक नुसती जपून ठेव.

नळीतून उजेडाकडं बघायची सवय लाव. एकदा सोप्यात टांगलेली दुनळी मी तशी बघितली, तर एका नळीत गोल उजेड आणि दुसरीत काळोख. गज घातला तर खुळखुळत माती पडली. कुंभारमाशीनं शेंगेएवढं घर केलं होतं, आत वाळलेले कोळी. तसाच बार काढला असता तर!

पुसायचं काम सोपं आहे, पण वेळ देऊन करावं लागतं. पुढचं लाकूड काढ, नळ्या सोडव. काडतूस घालायच्या बाजूनंच गज घाल: आधी पितळी ब्रश, मग कोरड्या चिंध्या, चिंधी पांढरी निघेपर्यंत. शेवटी बंदुकीच्या तेलाचा एक हलका हात. तात्या खोबरेल लावायचे ते मला आठवतंय, पण थंडीत बाटलीत थिजतं तसंच ते कळीत थिजतं आणि पुढं चिकटा धरतं. बिजागरीला कणभर ग्रीस. दस्त्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल तळहातानं चोळ. आणि ते चामड्याचं देखणं खोळ भिंतीवरच राहू दे. तुमच्याकडच्या पावसात ते पाणी धरतं, आत नळीला तांबेरा येतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून बघ. आतलं यंत्र मात्र घरी खोलायचं नाही. नळ्या बसवून कानाशी हलवल्यावर खडखड आली तर कारागिराकडंच.

बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, किल्ल्या तुझ्याकडं. तुझा धाकटा सात वर्षांचा आहे, एवढंच म्हणतो.

उसात गवे, डुकरं येतात हे खरं, आणि तुझा संतापही समजतो मला. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यापुढं परवाना चालत नाही. वनखात्याकडं पंचनामा करून भरपाई माग, अर्ज मी लिहून देतो.

राहता राहिला खंडेनवमीचा बार. तात्या काढायचे तेव्हा तुमच्या घरामागं माळ होता. आता तिथं चार घरं आणि बालवाडी आहे. बारीक छर्राही दोनशे मीटरच्या पुढं जातो, एल.जी. म्हणजे जाड छर्रा तर त्याच्या दुपटीहून लांब. वर गेलेलं खाली येतंच. शिवाय आनंदासाठी असा गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्यासाठी नको, माझ्यासाठी नको काढूस. पूजा मनापासून कर, झेंडू वाहा. हळद-कुंकू पाटावर वाहा, आणि लोखंडावर लागलंच तर आरतीनंतर लगेच पूस, ओल्या बोटाच्या त्या ठिपक्याखालीच गंज धरतो.

नवमीला सकाळच्या पहिल्या राधानगरी एसटीनं मी येतोय. गज आणि बाराचा ब्रश माझ्याकडं आहे. तू तात्यांच्या जुन्या धोतराच्या चिंध्या फाडून ठेव, आणि मी येईपर्यंत तो डबा हलवू नकोस. ठाण्यात बरोबरच जाऊ.

वहिनींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझाच,
बाळू