गुन्हा वाळवीचा, नाव भुंग्याचं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली 'विषारी काळ्या माशीची दहशत' ही बातमी वाचली. भुंगा लाकूड खातो आणि माणसांवर हल्ला करतो, असं आपण छापलंत. फोटो आग्या मोहोळाचा, लाकूड खाल्ल्याचा गुन्हा वाळवीचा आणि नाव भुंग्याचं! आपल्या प्रतिनिधीने एकदा मान वर करून ओसरीच्या वाशाकडे पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

भुंगा ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. चांगला जाडजूड, काळा कुळकुळीत, पोट चकचकीत, उन्हात पंखांवर निळी-जांभळी झाक. त्याचं पोळं नसतं. मादी एकटीच लाकडात करंगळी जाईल एवढं गोल भोक पाडते, खाली भुसा सांडतो. आत गेल्यावर बोगदा लाकडाच्या रेषेने वळतो. त्यात ती कप्पे करते, प्रत्येकात पराग आणि मधाचा गोळा, त्यावर एक अंडं. लाकूड ती खात नाही, कोरते. कोरडं लाकूड पोखरणारा भ्रमर ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात आहे. आपल्या कार्यालयात तो अजून पोहोचलेला दिसत नाही. तोंडासमोर येऊन घोंगावतो तो आपला 'हल्लेखोर' म्हणजे नर. त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही.

चिडायला कारण आहे. गेल्या उन्हाळ्यात मी पंढरपूरला गेलो असताना पुतण्याने आमच्या माळवदाच्या घरी फवारणीवाला बोलावला. वाशातली भोकं पाहून त्याने वाळवी ठरवली. अहो, वाळवी असती तर भिंतीवर मातीच्या रेघा चढलेल्या दिसल्या असत्या! अशी कंपासने काढल्यासारखी भोकं वाळवी कधी पाडते? पण गड्याने ओसरीची शहाबादी फरशी जागोजाग भोसकली, औषध ओतलं, सिमेंट थापलं आणि वर पाच वर्षांची हमी दिली. वाशाला हातसुद्धा लावला नाही. पंधरवड्यात भुंगे हजर. मी फोन केला, तर म्हणतो, "काका, हमी वाळवीची आहे. वाळवी दिसली का?" आता यावर काय बोलणार? आता आपली बातमी वाचून असे किती जण फरशा फोडून घेतील कोण जाणे.

भुंगा अगदी गरीब बिचारा आहे असं नाही. जुन्याच बोगद्यात वर्षानुवर्षं भर पडली की वासा कमजोर होतो. पण रंगवलेल्या लाकडाच्या वाटेला तो सहसा जात नाही, आणि रिकामी झालेली भोकं बुजवायला सुतार पुरतो. तुरीच्या, शेवग्याच्या, रुईच्या फुलांवर तोच दिसतो. वांगी-टोमॅटोच्या फुलातला पराग तर तो अंग थरथरवून झाडून काढतो, मधमाशीला ते जमत नाही. तुरीच्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्राला हे मी सांगावं?

जाता जाता, त्याच पानावर पाण्याचं वेळापत्रक असतं. त्यातून आमचा भाग पुन्हा गळाला आहे. पाणी रात्री येऊन गेलं, आम्ही झोपलो होतो. तेवढं तरी नीट छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
बाळीवेस, सोलापूर