मंत्रिमहोदय, आमची काकी पडद्यावर कुठे आहे?

माननीय मंत्रिमहोदय,
पणजी.

स. न. वि. वि.

आषाढीला साखळीहून आमची दिंडी निघाली, तेव्हा माईक हातात घेऊन तुम्ही शब्द दिला होता: चोर्ला घाट चालत चित्रित करू, वारकऱ्यांची वाट जगाला दाखवू. तुमच्या खात्याच्या पैशातून झालेला तो कार्यक्रम रविवारी टीव्हीवर लागला. घरात पंधरा माणसं जमली होती. मी घड्याळ लावून मोजलं. अर्ध्या तासात चालणारी माणसं दिसली ४५ सेकंद. बाकी ड्रोन, धबधबे आणि गाडीतून उतरून कठड्याशी बोलणारी निवेदिका.

आमच्या काकीचं वय ७४. डोक्यावर तुळस. ‘पुन्हा एकदा या हं आजी’ म्हणत तिला त्याच वळणावर तीनदा चालवलं. तिसऱ्या खेपेला चपलेचा अंगठा तुटला, उरलेला घाट ती अनवाणी चढली. रात्री मुक्कामावर तिच्या टाचेच्या फोडांतून मी सुईदोरा ओवला, पाणी निथळावं म्हणून दोरा आत तसाच ठेवला. माझे स्वतःचे गुडघे त्या रात्रीपासून सुजलेत, अजून जिना चढवत नाही. रविवारी कार्यक्रम संपला तरी काकी पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, ‘आमी खंय?’

काय सांगू तिला?

इंग्लंडात खडूच्या टेकड्यांवरून रिजवे नावाची सुमारे १४० किलोमीटरची प्राचीन वाट जाते. तिच्यावरचे कार्यक्रम मी पाहिलेत. निवेदक चालतो, धापा टाकतो, चिखलात रुततो. स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेवर पायी जाणाऱ्या यात्रेकरूला किमान १०० किलोमीटर चालल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. तिथे चालण्याला किंमत आहे.

आणि आपल्याकडे वाटा काय कमी आहेत? पोर्तुगीज देवळं पाडत होते, तेव्हा देवही वाटेला लागले: १५६० साली मंगेश कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरून नार्व्याला आला, १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दिवाडीहून नार्व्याला आजही फेरीबोट जाते, पण तिच्यात कॅमेरा घेऊन कुणी बसलं नाही. मिठाच्या गोणी लादून बैलांचे तांडे ज्या घाटवाटांनी वर जात, त्या वाटा सत्तरी तालुक्यातल्या म्हाताऱ्यांना अजून पायाखालच्या आहेत. ही माणसं गेली की कुणाला विचारणार?

पण सरकारी कामाची रीतच अशी. सगळ्यात कमी दराची निविदा भरेल त्याला काम, मग तो एक किलोमीटर तरी चालतो का, हे कुणी बघत नाही. जाहिरात करायची तर समुद्रकिनाऱ्याची. डोंगर कापायला परवानगी मिळते, आणि त्या डोंगरावरची पाऊलवाट कुठल्याच नकाशावर नसते म्हणून तिच्यासाठी दादही मागता येत नाही. मुक्तीला ६० वर्षं उलटली, साहेब. गोवा कुणासाठी मुक्त झाला?

नवा कार्यक्रम कराल तेव्हा करा. आत्ता एवढंच द्या: त्या वळणावर काकीला तीनदा चालवून घेतलेलं चित्रीकरण कुठेतरी पडून असेल. ते पेनड्राइव्हवर घालून ठेवा. पुढच्या आषाढीला ती येईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. न्यायला मी स्वतः पणजीला येतो.

आपला,
साखळीच्या दिंडीतला एक वारकरी