आमच्या खासदारांच्या काळातला कायदा आणि माझी नोकरी

पुणे

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीनंतर मी निघताना बाबांनी पडवीत विचारलेला प्रश्न मनातून गेलेला नाही. "राजापुरातून चार वेळा सुरेश प्रभूंना दिल्लीला पाठवले, ते वीजमंत्री झाले, रेल्वेमंत्री झाले, आपल्या देवगडच्या पोरांच्या हाताला काय लागले?" गाडीची वेळ झाली होती म्हणून मी गप्प राहिले. आज सविस्तर लिहिते, कारण ज्या कामावर माझे पोट चालते त्याचा उगमच या प्रश्नात आहे.

बाबा, प्रभू सप्टेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात केंद्रीय ऊर्जामंत्री होते. ते मंत्री असताना, २००१ मध्ये, ऊर्जा संवर्धन कायदा संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. सिमेंट, पोलाद, खत, कागद अशा भरपूर वीज आणि इंधन खाणाऱ्या मोठ्या उद्योगांनी ऊर्जा व्यवस्थापक नेमावा आणि प्रमाणित लेखापरीक्षकाकडून आपल्या वापराची तपासणी करून घ्यावी, अशी तरतूद या कायद्यात आहे. त्यासाठी ब्युरो राष्ट्रीय परीक्षा घेतो. तीच परीक्षा देऊन मी ऊर्जा लेखापरीक्षक झाले. तुम्ही नातेवाइकांना "ती कारखान्यांची लाइटबिले तपासते" असे सांगता, त्या व्यवसायाला हा कायदा होईपर्यंत देशात कायदेशीर स्थानच नव्हते. आई, तू फ्रिज घेताना ज्या तारका मोजल्यास, ती पट्टीही याच ब्युरोची.

वीज कायद्याचे विधेयकही प्रभूंनीच ऑगस्ट २००१ मध्ये लोकसभेत मांडले. ते मंजूर होईपर्यंत त्यांचे मंत्रिपद गेले होते आणि त्यांच्या जागी रत्नागिरीचे खासदार अनंत गीते आले होते. म्हणजे २००३ चा हा कायदा कोकणच्या दोन खासदारांच्या हातून घडला, याचे मला आजही अप्रूप वाटते. वितरण कंपनीने घेतलेल्या विजेचा काही हिस्सा वारा, सूर्य अशा स्रोतांतूनच आला पाहिजे आणि ते प्रमाण राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवावे, ही तरतूद त्यात आहे. सौर आणि पवन प्रकल्पांना आज जो हमखास ग्राहक मिळतो, त्यामागे या कलमाचा मोठा वाटा आहे.

रेल्वेमंत्री म्हणून मात्र त्यांची कामगिरी मला संमिश्र वाटते. २०१५ च्या रेल्वे अर्थसंकल्पात पाच वर्षांत १,००० मेगावॅट सौरऊर्जा उभारण्याचे उद्दिष्ट त्यांनी जाहीर केले. ते मुदतीत गाठले गेले नाही. त्यांनी २०१७ मध्ये रेल्वे खाते सोडले, म्हणून सगळा दोष त्यांच्या माथी मारणे योग्य नाही, पण घोषणा त्यांचीच होती. उलट कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाला त्यांच्या काळात चालना मिळाली आणि २०२२ मध्ये रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण विजेवर आला. आता तुमच्याकडे येताना बोगद्यात डिझेलचा धूर खिडकीतून आत येत नाही.

तरीही बाबा, तुमचा प्रश्न खरा आहे आणि माझे उत्तर त्याला पुरे पडत नाही. कायदा दिल्लीत झाला, आणि त्यातून आलेले काम पुण्या-मुंबईच्या, चाकणच्या कारखान्यांत गेले. देवगडच्या कड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण पवनऊर्जेचा खरा विस्तार साताऱ्याकडे, वनकुसवड्याच्या आणि चाळकेवाडीच्या पठारांवर झाला. आपल्याकडे दाभोळ, जैतापूर, नाणार एवढ्याच प्रकल्पांवर वर्षानुवर्षे भांडणे झाली. त्या विरोधात आपल्या लोकांची शेती आणि मासेमारी पणाला लागली होती, आणि तो विरोध मला मनापासून योग्य वाटतो. परंतु बंदरावरचे बर्फाचे कारखाने, आंब्याच्या रसाचे कारखाने, शीतगृहे यांची वीज कोणी तपासायची, खाऱ्या हवेत सौर पॅनेलचा सांगाडा गंजू नये म्हणून तो कसा बसवायचा, हे आपल्या तालुक्यातील मुलांना शिकवावे, असा आग्रह ना खासदारांनी धरला ना आपण धरला. प्रभू २००९ पर्यंत आपले खासदार होते. कायदा हाती असताना त्याचा उपयोग स्वतःच्या मतदारसंघासाठी करून घ्यायला तेवढा काळ पुरेसा होता. माझी त्यांच्यावर हीच एक तक्रार आहे, आणि ती लहान नाही.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्या घरी कित्येक दिवस वीज नव्हती आणि उतरायला आलेला आंबा जमिनीवर पडला होता. अवकाळी पावसाने मोहोर काळा पडतो, तेव्हा बाबा कलमाखाली नुसते उभे राहतात, हे मी पाहिले आहे. ज्या किनाऱ्याला हवामानबदलाचा मार आधी बसतो, त्याच किनाऱ्यावरच्या मुलांना त्यावरच्या उपायातले काम मिळू नये, याचे मला फार वाईट वाटते.

शिमग्याला मी आठ दिवस रजा काढून येणार आहे. बाबांच्या ओळखीच्या बर्फाच्या कारखान्याची तपासणी मी विनामूल्य करून देईन. त्यांना बारा महिन्यांची वीजबिले आणि कॉम्प्रेसरच्या मोटरवरच्या पाटीचा फोटो तयार ठेवायला सांगावे. शेजारच्या वाडीतील आयटीआय झालेली दोन मुले त्या दिवशी माझ्याबरोबर असावीत, एवढे बाबांनी त्यांच्या घरी बोलून ठेवावे. आईने गुडघ्याचे औषध चुकवू नये.

तुमची,
ताई